वरठीचं लोखंड, दीर्घिकेचं लोखंड

भंडारा रोड स्थानकाचं गाव वरठी, आणि वरठी म्हटलं की पोलाद. भट्टीतून नेमकं काय उतरलंय, हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही. म्हणून पोलाद कारखान्यांत नमुन्याची वडी प्रयोगशाळेत नेतात, तिच्यावर विजेची ठिणगी पाडतात आणि त्या प्रकाशातल्या रेषा वाचून क्रोमियम किती, निकेल किती ते सांगतात. प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा ठरलेल्या असतात.

हीच रीत कोट्यवधी प्रकाशवर्षं दूरच्या वायूलाही लागू पडते. सक्रिय दीर्घिकेच्या मध्याशी महाकाय कृष्णविवर असतं. त्यात ओढला जाणारा वायू तापतो आणि त्या परिसरातून प्रखर क्ष-किरण निघतात. वाटेतल्या वायूच्या अणूंमधले इलेक्ट्रॉन ते उडवून लावतात. असा आयनीभूत वायू ठरावीक ऊर्जेचे किरण गिळतो आणि वर्णपटात तेवढ्या जागी खाच पडते. 1984 मध्ये ज्यूल्स हॅल्पर्न यांनी आइनस्टाइन उपग्रहाच्या नोंदींतून एका क्वेसारमध्ये, म्हणजे अतितेजस्वी सक्रिय दीर्घिकेत, असा वायू ओळखला. त्याला ‘वॉर्म अ‍ॅब्सॉर्बर’ म्हणतात.

लोखंडाच्या अणूत 26 इलेक्ट्रॉन असतात. त्यांतले दहाएक गळाले, की 16-17 अँगस्ट्रॉम तरंगलांबीपाशी खाचांची दाटी होते. 24 गळाले, तर ठळक रेषा 6.7 किलोइलेक्ट्रॉनव्होल्टजवळ दिसते. रेषेच्या जागेवरून वायूची अवस्था कळते. रेषा निळ्या बाजूला सरकलेली असेल, तर वायू आपल्या दिशेने बाहेर वाहतोय. अनेकदा सेकंदाला शेकडो किलोमीटर वेगाने. ज्या वायूतून तारे घडतात, तोच हा वारा उधळू शकतो. म्हणून दीर्घिकेचं भवितव्य समजायला तो मोजावा लागतो.

क्ष-किरण पृथ्वीच्या हवेत अडतात, त्यामुळे दुर्बीण अवकाशातच हवी. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतले सिबाशीष लाहा, गुलाब देवांगन, अजित केंभावी आणि सहकाऱ्यांनी एक्सएमएम-न्यूटन उपग्रहाने पाहिलेल्या सेफर्ट प्रकारच्या 26 सक्रिय दीर्घिका तपासल्या. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात 65 टक्के दीर्घिकांत असा वायू आढळला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घडलेली क्ष-किरण दुर्बीणही 28 सप्टेंबर 2015 रोजी भारताच्या अ‍ॅस्ट्रोसॅट उपग्रहावरून अवकाशात गेली.

वरठीच्या वर्गात आकाशाचं विज्ञान शिकवायचं, तर सुरुवात गावच्या लोखंडापासूनच करावी. वडीतल्या अणूत 26 इलेक्ट्रॉन आणि दीर्घिकेतल्या लोखंडाच्या अणूतही मुळात 26च. त्यांतले किती उरलेत, ते मोजता आलं की इतक्या दूरची भट्टीही वाचता येते.