शेवंतीचा प्लॉट मोडण्याआधी हे वाचा



पिवळ्या शेवंतीचे तोडे आता संपत आलेत. बरेच जण शेवटचा तोडा झाला की रोटर मारतात आणि एप्रिलमध्ये काश्या विकत आणतात. विकतच्या काश्यांत सरमिसळ निघाली, तर ते थेट फुलं आल्यावर कळतं. तोवर खत, पाणी, मजुरी सगळं झालेलं असतं. पुढच्या वर्षीचं बेणं तुमच्याच शेतात आहे, फक्त ते निवडायची वेळ आत्ताच आहे.

शेवंती बहुवर्षीय आहे. फुलं देऊन झालेली फांदी वाळते, पण बुडाशी नवीन काश्या फुटतात. काशी म्हणजे त्याच झाडाची नक्कल. मूळ झाड पिवळंधमक, तर काशीही तशीच. मूळ झाडाला रोग, तर तोही सोबत येतो. फुलं गेल्यावर सगळी झाडं सारखीच दिसतात.

*१) आत्ता, फुलं असताना:* जोमदार, भरपूर फुलांच्या, एकसारख्या रंगाच्या झाडांना सुतळी बांधा. पानांवर काळे-तपकिरी ठिपके असलेली, खुरटलेली किंवा मर लागलेली झाडं घेऊ नका.

*२) फुलं संपल्यावर:* खुणेची झाडं वीतभर ठेवून छाटा. बाकीची उपटून शेताबाहेर काढा. छाटलेल्या झाडांना कुजलेलं शेणखत आणि हलकं पाणी द्या. पाणी साचलं तर बुडं कुजतात.

*३) एप्रिल-मे:* काश्या मुळांसकट वेगळ्या करा. ट्रायकोडर्माच्या द्रावणात (पाकिटावरच्या प्रमाणात) मुळं बुडवून वरंब्यावर ६० × ३० सें.मी. अंतरावर लावा. या अंतराने गुंठ्याला साधारण ५६० काश्या लागतात, म्हणजे १० गुंठ्यांना ५,६००. कमी पडल्या तर तेवढ्याच विकत घ्या आणि त्या वेगळ्या ओळीत लावा. शक्य असेल तर जागा बदला.

*४) लागवडीनंतर ४ आठवड्यांनी:* शेंडा खुडा. बाजूच्या फांद्या वाढतात, फुलं वाढतात.

*लागवडीला उशीर का नको?* दिवस लहान होऊ लागले की शेवंती कळी धरते, झाड मोठं असो की लहान. उशिरा लावलेलं झाड पुरेसं फुटण्याआधीच कळीवर येतं, मग तोडे कमी मिळतात.

एखादं झाड ठेवावं की काढावं हे कळत नसेल, तर पानाचा आणि बुडाचा फोटो याच नंबरवर पाठवा. पण सुतळी या आठवड्यातच बांधा.