पहिले हजार किलोमीटर

दसरा झाला, पाडवा झाला की अक्कलकोटच्या रस्त्यांवर नव्याकोऱ्या मोटारसायकली दिसू लागतात. हँडलला झेंडूचा हार, चाकाखाली लिंबू, स्वामींचं दर्शन, पेढे. सीटवरचं प्लॅस्टिक मात्र महिना महिना निघत नाही. शोरूममधून निघताना एक सूचना हमखास मिळते, ‘पहिले हजार किलोमीटर जास्त पळवू नका, इंजिन सेट होऊ द्या.’ मी सरकारी दवाखान्यातला डॉक्टर, मेकॅनिक नव्हे; पण ही सूचना मला फार आवडते. इंजिन सेट होत असतं त्याच दिवसांत चालवणाऱ्याचा मेंदूही त्या गाडीला सेट होत असतो. इंजिनाची काळजी सगळे घेतात, मेंदूबद्दल कुणी बोलत नाही.

आधी यंत्राचं पाहू. सिलिंडरची आतली भिंत डोळ्यांना गुळगुळीत दिसली तरी तिच्यावर बारीक चरे असतात. पिस्टनवरच्या रिंगा त्या भिंतीवर घासत घासत नीट बसतात. या घासण्यातून निघालेली धातूची बारीक भुकटी ऑइलमध्ये उतरते, म्हणून पहिल्या सर्व्हिसिंगला ऑइल बदलतात. ती सर्व्हिसिंग चुकवू नका. या काळात गाडी ताणू नये, एकाच वेगात तासभर पळवू नये आणि वरच्या गिअरमध्ये रेंगाळत इंजिनाला धाप लावू नये. वेगाची मर्यादा किती, हे शेजाऱ्याला विचारण्यापेक्षा गाडीबरोबर आलेल्या पुस्तिकेत पाहावं. प्रत्येक मॉडेलचा आकडा वेगळा असतो.

इंजिनापेक्षा मला चिंता ब्रेक आणि टायरची वाटते. नवा टायर तुकतुकीत असतो. वरचा थर झिजेपर्यंत, म्हणजे साधारण शे-दीडशे किलोमीटर, त्याची रस्त्यावर हवी तशी पकड बसत नाही. नवे ब्रेकही सुरुवातीला पूर्ण पृष्ठभागाने टेकत नाहीत, त्यामुळे थोडे कमी लागतात. म्हणजे गाडी सर्वांत चकचकीत असते तेव्हाच ती थांबायला सर्वांत आळशी असते.

आता मेंदूकडे येऊ. गाडी चालवण्याचं कसब विचार करणाऱ्या मेंदूपेक्षा जास्त मागच्या बाजूच्या लहान मेंदूत मुरलेलं असतं. क्लच किती सोडायचा, ब्रेक किती दाबायचा, हे हातापायांना ‘आपोआप’ कळतं ते त्यामुळे. अडचण अशी की ही सवय जुन्या गाडीची असते. शंभर सीसीच्या अनेक गाड्यांना सगळे गिअर पायाच्या चवड्याने खाली दाबून पडतात. मोठ्या गाड्यांना पहिला खाली आणि बाकीचे वर. दहा वर्षं पहिल्या प्रकारची गाडी चालवलेला माणूस दुसऱ्या प्रकारच्या गाडीवर वेगात असताना सवयीने चवडा दाबतो, गिअर वाढण्याऐवजी कमी होतो आणि मागचं चाक गचकन अडतं. जुन्या बुलेटचा तर गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला होता. निवांत असताना माणूस हा फरक लक्षात ठेवतो. कुत्रं आडवं आलं की जुनी सवय उसळून वर येते.

ही सवय बदलायला उपदेश पुरत नाही, सराव लागतो. पहिले आठ-दहा दिवस सकाळी मोकळ्या मैदानात किंवा रिकाम्या रस्त्यावर गाडी पुन्हा पुन्हा थांबवून पाहा. आपल्याकडे पुढच्या ब्रेकची उगाच भीती असते. खरं तर ब्रेक लावताना गाडीचं वजन पुढे येतं आणि थांबवण्याचं मोठं काम पुढचाच ब्रेक करतो. हँडल सरळ ठेवून दोन्ही ब्रेक एकत्र, हळूहळू वाढवत दाबावेत. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपेक्षा मोठ्या नव्या गाड्यांना एबीएस आणि लहान गाड्यांना निदान एकत्रित ब्रेक सक्तीचे आहेत. ते लागताना पायाला किंवा लिव्हरला कसं जाणवतं, ते मैदानात कळलेलं बरं.

पहिल्याच दिवशी मित्राला मागे बसवून चाळीसेक किलोमीटरवरच्या सोलापूरला जाण्याचा मोह टाळा, आणि हंगामात रात्री तर नकोच. उसाच्या ट्रॉल्या कितीतरी वेळा मागच्या दिव्याविना चालतात. समोरच्या वाहनाच्या प्रखर दिव्याने दिपलेले डोळे सावरायला काही सेकंद लागतात, वय वाढलेलं असेल तर आणखी जास्त. ताशी ६० च्या वेगात गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जाते. ट्रॉली दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंत एवढं अंतर संपलेलं असतं. आणि ४० चा वेग ६० केला तर ब्रेक लागल्यानंतर लागणारं अंतर दीडपट होत नाही, सव्वादोन पट होतं.

हेल्मेटची कथा मी नेहमी सांगतो. ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हणून गाजलेला टी. ई. लॉरेन्स १९३५ च्या मे महिन्यात मोटारसायकलवरून पडला, डोक्याला मार लागला आणि सहा दिवसांनी गेला. हेल्मेट नव्हतं. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स हे मेंदूचे शल्यचिकित्सक होते. त्यांनी पुढे लष्करातल्या मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या दुखापती तपासल्या आणि १९४१ मध्ये हेल्मेटचा फायदा छापून दाखवला. २००८ मध्ये कॉक्रेनच्या आढाव्यातून अनेक अभ्यास एकत्र करून आकडे आले: डोक्याच्या दुखापतीचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी आणि मृत्यूचा सुमारे ४२ टक्क्यांनी कमी.

हेल्मेटच्या आतला थर्मोकोलसारखा थर धक्क्याने चेपतो आणि डोकं थांबायला थोडा जास्त वेळ मिळवून देतो. एकदा चेपला की त्याचं काम संपलं, मग वरून हेल्मेट कितीही चांगलं दिसो. पट्टा न लावलेलं हेल्मेट माणसाच्या आधी उडतं. नव्या दुचाकीबरोबर आयएसआय चिन्हाचं हेल्मेट देण्याचा नियम आहे. ते मागून घ्या. घालून हलवलं की गालाची कातडीही त्याबरोबर हलली पाहिजे. मागे बसणाऱ्यालाही ते सक्तीचं आहे, हे आपण सोयीने विसरतो.

नवी गाडी ‘स्पोर्टी’ दिसावी म्हणून पोरं पहिल्याच आठवड्यात साडीगार्ड काढतात. मागच्या चाकाला निम्म्याहून कमी नाही इतकं आच्छादन हवं, असं केंद्रीय मोटार वाहन नियमच सांगतो. ओढणी किंवा पदर चाकात गेला की मागे बसलेली बाई खेचली जाते, आणि लहान मुलाची टाच स्पोकमध्ये सापडली तर कातडीखालचा चरबीचा थरही सोलून निघतो. त्या जखमा भरायला आठवडे लागतात.

आणि सायलेन्सर. नवी गाडी अंगणात लावली की भाचे-पुतणे तिच्यावर चढतात, आणि उतरताना पोटरी आतल्या बाजूने भाजते. टूथपेस्ट, शाई, हळद काही लावू नका. नळाच्या वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटं पाय धरा. बर्फही नको. फोड फोडू नका, स्वच्छ कापडाने सैल झाकून दवाखान्यात आणा.

रस्त्यात कुणी पडलेलं दिसलं तर १०८ ला फोन करा. त्याला ओढून बसवू नका, पाणी पाजू नका, मान सरळ स्थिर धरा. श्वास नीट चालू असेल तर हेल्मेट आम्हाला काढू द्या. मदत करणाऱ्याला नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही, ही तरतूद २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात आली आहे.