गिरमिटाचा पीळ
(द्वितीय वर्ष, कला)

आमच्या घरात पुस्तकांचे कपाट नाही. हत्यारांची पेटी आहे. करवत, रंधा, वाकस, पटाशी, गिरमिट या शब्दांशी माझी ओळख बाराखडीच्या आधी झाली. महाविद्यालयाची पायरी चढणारा मी घरातला पहिलाच. वार्षिकांकासाठी काहीतरी लिहा, असे सरांनी वर्गात सांगितले, तेव्हा कविता जुळवण्यापेक्षा जे ठाऊक आहे तेच लिहावे असे मी ठरविले. विषय आहे लाकडी बांधकामात वापरली जाणारी जास्त जोराची ड्रिल मशीन: ती कशी निवडावी आणि चालवताना हात कसा वाचवावा. कलाशाखेच्या वाचकांना हा विषय रुक्ष वाटण्याचा संभव आहे. परंतु एका घराची चूल या विषयावर कशी अवलंबून राहते, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

आपला नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा झाला. सातपुड्यातला साग मात्र त्याच्या कितीतरी आधीपासूनचा. अक्राणी आणि अक्कलकुवा भागातली पाड्यांवरची जुनी घरे लाकडाच्या सांगाड्यावर उभी असतात. जमिनीत रोवलेले खांब, त्यांवर तुळया, मधोमध आडे, मग वासे आणि वर कौले. भिंत कुडाची, ती भार घेत नाही. सारा भार लाकडावर आणि लाकडाच्या जोडांवर. म्हणूनच असे घर उतरवून दुसरीकडे उभे करता येते. सरदार सरोवरामुळे महाराष्ट्रातील मणिबेली व इतर गावे, एकूण तेहतीस, बाधित झाली. त्यांपैकी अनेक कुटुंबांनी घराचे लाकूड सोबत आणले आणि सोमावल, रेवानगर यांसारख्या तळोदा तालुक्यातील वसाहतींत पुन्हा घरे उभारली.

अशाच एका वसाहतीत दोन वर्षांपूर्वी माझे वडील, ज्यांना आम्ही आबा म्हणतो, जुन्या सागाचे घर नव्याने बांधून देत होते. पूर्वी जोड म्हणजे खाच, कुसू आणि लाकडी खुंटी. आता खांब आणि तुळई यांतून आरपार भोक पाडून नट-बोल्टही घालतात. त्यासाठी आबांनी नवी जोरदार ड्रिल मशीन घेतली होती. सहा इंची तुळईत बिट निम्मे शिरले आणि आत दडलेल्या जुन्या खिळ्यावर अडकले. बिट थांबले, पण मशीन थांबली नाही. ती स्वतःच गर्रकन फिरली. आबांच्या उजव्या मनगटाचे हाड मोडले. सहा आठवडे हात प्लास्टरमध्ये होता. प्रवेशाचे ते दिवस. फी भरावी की किराणा, असा प्रश्न घरात होता. मी कॉलेजचा विचार सोडून देणार होतो; आबांनी तो सोडू दिला नाही.

त्या सहा आठवड्यांत एक प्रश्न माझ्या मनात घोळत राहिला. ज्या हातांनी तीस वर्षे गिरमिट फिरविले, त्या हातांना ही मशीन का आवरली नाही?

उत्तर शाळेतल्या तरफेच्या धड्यात सापडले. फिरवण्याच्या जोराला इंग्रजीत टॉर्क म्हणतात; मी त्याला पीळ म्हणतो. जोर गुणिले आसापासूनचे अंतर म्हणजे पीळ, आणि तो न्यूटन-मीटरमध्ये मोजतात. मोठ्या गिरमिटाला आडवा दांडा असतो. आसापासून वीस सेंटीमीटरवर दोन हात आणि प्रत्येक हाताचा सुमारे दहा किलो वजनाएवढा दाब धरला, तर पीळ सुमारे ४० न्यूटन-मीटर होतो. बाजारातल्या चांगल्या जोरदार मशीनचा पीळही ४० ते ६० किंवा त्याहून अधिक असतो. म्हणजे ताकदीत गिरमिट फारसे मागे नाही. फरक निराळाच आहे. हात थांबला की गिरमिट थांबते. मशीन मात्र हाताला विचारत नाही.

शिवाय, मशीन बिटाला जेवढा पीळ देते तेवढाच उलटा पीळ तिच्या अंगावर येतो. मागून पाहिले तर बिट घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरते. बिट अडकले की मशीन उलट दिशेने फिरू पाहते. समजा पीळ ६० न्यूटन-मीटर आहे. मुठीचा हात आसापासून दहा सेंटीमीटरवर असेल, तर त्या एकट्या हातावर साठ किलोचा झटका बसतो. तीस सेंटीमीटर लांबीच्या बाजूच्या दांड्याने धरले, तर तोच झटका वीस किलोवर येतो. आबांनी तो दांडा ‘अडचण होते’ म्हणून काढून पेटीत ठेवला होता!

आता निवडीविषयी. विजेची हातड्रिल नवी नाही. जर्मनीतील फाइन यांनी ती १८९५ मध्ये बनविली आणि १९१७ मध्ये अमेरिकेत ब्लॅक अँड डेकर यांना पिस्तुलासारखी मूठ व घोडा असलेल्या ड्रिलचे पेटंट मिळाले. इतकी जुनी वस्तू असूनही आपण ती बहुधा वॅट पाहून विकत घेतो. वॅट म्हणजे पीळ नव्हे. शक्ती तीच ठेवून वेग कमी केला की पीळ वाढतो. बिटापर्यंत ५०० वॅट पोचतात असे धरू. मिनिटाला २८०० फेरे असतील, तर पीळ दोन न्यूटन-मीटरही भरत नाही. ५०० फेरे असतील, तर तो साडेनऊच्या वर जातो. भिंतीत भोके पाडण्याची वेगवान हॅमर ड्रिल सागाच्या तुळईत धूर काढते ती यामुळेच. लाकडाला ठोका नको, सावकाश पीळ हवा.

म्हणून दुकानात पुढील गोष्टी विचाराव्यात. दोन वेगांचा गिअर आहे काय, आणि कमी वेग किती? १३ मिलिमीटरपर्यंतचा चक आणि उलट फिरवण्याचा खटका आहे काय? बाजूचा दांडा लांब आहे काय? आणि बिट अडकताच आपोआप थांबणारा क्लच आहे काय? शेवटच्या गोष्टीसाठी थोडे पैसे जास्त पडले तरी द्यावेत. बिटही विचारपूर्वक घ्यावे. खोल भोकासाठी ऑगर बिट उत्तम. त्याच्या टोकाचा स्क्रू बिटाला आत ओढतो, त्यामुळे वरून रेटावे लागत नाही. मात्र हाच स्क्रू अडकल्यावरही ओढत राहतो, हे विसरू नये. सागात वाळूच्या जातीचा सिलिका हा पदार्थ असतो, म्हणून धार लवकर बोथट होते. बोथट बिट जास्त पीळ मागते, आणि तो पीळ शेवटी मनगटावरच येतो.

पाड्यांवर विजेचा दाब कमी असतो तेव्हा मशीन दमते, थांबते व तापते. बारीक, लांबलचक वायर वापरली की दाब आणखी घटतो; तेव्हा वायर जाड असावी आणि गुंडाळी पूर्ण उलगडावी. जिथे वीज नाही तिथे बॅटरीची मशीन सोयीची. मात्र तिचा झटका लहान समजू नये.

वापरताना पाळायचे नियम आम्ही आता घरात भिंतीवर लिहून ठेवले आहेत. जुने लाकूड आधी तपासावे. लोहचुंबक फिरवून खिळे शोधावेत. जोड शिकंज्यात घट्ट आवळावा. बाजूचा दांडा लावल्याशिवाय आणि दोन्ही हातांनी धरल्याशिवाय सुरू करू नये. मशीन फिरलीच तर दांडा ज्या बाजूला जाईल, तिथे तो खांबाला टेकवून ठेवता आला तर फार बरे. घोडा दाबून अडकवून ठेवणारे बटण वापरू नये; बोट सुटले की मशीन थांबली पाहिजे. इंच-दीड इंचावर बिट मागे घेऊन भुसा काढावा. बिट अडकले तर झटापट न करता घोडा सोडावा, मग उलट फिरवावे. बिट बदलताना प्लग काढावा. उपरणे, सैल बाही, हातमोजे फिरत्या बिटापासून दूर असावेत. शिडीच्या टोकावर उभे राहून जोरदार मशीन चालवू नये, परांची बांधावी. आणि चष्मा व नाकावर मास्क हवाच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये लाकडाच्या धुळीची गणना कर्करोगकारक पदार्थांत केली आहे.

हे नियम मी आबांना वाचून दाखविले, तेव्हा वडिलांना शिकवतो आहोत याचा संकोच वाटला. ते शांतपणे ऐकत होते. मग पेटीतून तो दांडा काढून त्यांनी मशीनला घट्ट आवळला आणि आहिराणीत म्हणाले, “मशीनले काय समजस? आपलेच समजाले जोयजे.”

सुंभ जळला तरी पीळ जात नाही, असे आपण हट्टी माणसाविषयी म्हणतो. मशीनचा पीळही तसाच. तो कुठे जात नाही, फक्त लाकडात जायचा की मनगटात एवढेच आपण ठरवायचे असते. आबांचे मनगट आजही थंडीत दुखते. ते काम मात्र पूर्ण झाले. ते घर वसाहतीत उभे आहे आणि त्याच्या तुळईत एक भोक अर्धेच राहिले आहे. आबांनी ते बुजवले नाही. कामावर नवा पोरगा आला की ते त्याला आधी तिथे नेऊन ते भोक दाखवतात.