न छेडलेल्या ओढ्याचे माप

लेखमाला : पाण्याची नाडी
लेखांक ७

गुडघाभर पाण्यात उभी असलेली तरुणी मान वळवून काठावरच्या झाडांकडे बघते आणि तशीच, न बघता, हात पाण्यात घालते. तर्जनीचे टोक तळाला जिथे टेकेल तिथला पहिला दगड उचलायचा, असा नियम आहे. गोटा निघो, खडा निघो, नुसती वाळू हाती येवो. जे लागेल ते मोजायचे. दगडाला लांबी, रुंदी आणि जाडी अशी तीन मापे असतात. त्यांतले मधले माप ती पट्टीवर बघते आणि मोठ्याने सांगते, "बेचाळीस." काठावरचा जोडीदार ४२ मिलिमीटर अशी नोंद करतो. ती एक पाऊल पुढे सरकते आणि पुन्हा मान वळवते. असे शंभराहून अधिक दगड मोजून व्हायचे आहेत. पाणी वितळलेल्या बर्फाचे आहे. पंधरा-वीस दगडांनंतर बोटांना काय लागते आहे तेच कळेनासे होते.

मान वळवायचे कारण साधे आहे. डोळा पक्षपाती असतो. पाण्यात बघून दगड उचलायला सांगितले, तर माणूस मोठा, गुळगुळीत, हातात नीट बसणारा गोटा उचलतो आणि बारीक वाळू मोजणीतून निसटते. अमेरिकी भूशास्त्रज्ञ गॉर्डन वोलमन यांनी १९५४ मध्ये गोटे मोजण्याची ही सोपी पद्धत मांडली. सत्तर वर्षे उलटली, उपकरणे बदलली, तरी ओढ्याच्या तळाचे चित्र मिळवायला आजही कोणीतरी पाण्यात उतरून बोट टेकवतेच.

ही तरुणी जिथे उभी आहे तो ओढा अमेरिकेच्या आयडाहो राज्यातला आहे. 'फ्रँक चर्च-रिव्हर ऑफ नो रिटर्न' या संरक्षित रानाचा विस्तार साडेनऊ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या कोल्हापूर जिल्ह्याहून मोठा. १९८० मध्ये कायद्याने हे रान राखले गेले आणि १९८४ मध्ये त्याला सिनेटर फ्रँक चर्च यांचे नाव जोडले गेले. 'परतीची वाट नसलेली नदी' हे सॅमन नदीचे जुने टोपणनाव. प्रवाहाबरोबर खाली गेलेल्या होड्या खळाळांमधून पुन्हा वर आणता येत नसत. या रानात रस्ते नाहीत. १९६४ च्या वनकायद्यानुसार इथे मोटार चालत नाही, यांत्रिक करवत चालत नाही, सायकलसुद्धा चालत नाही. वाटेत आडवे पडलेले झाड कापायचे तर दोघांनी दोन टोके धरून ओढायची हातकरवत. कायद्याच्या आधीपासूनच्या काही धावपट्ट्यांवर लहान विमाने उतरतात. तिथून पुढे खेचरे, नाहीतर स्वतःचे पाय.

मग एवढ्या लांब येऊन गोटे कशाला मोजायचे?

माशांसाठी उभा राहिलेला कार्यक्रम

या रानातल्या ओढ्यांचे पाणी मिडल फोर्क, सॅमन, स्नेक आणि कोलंबिया या नद्यांमधून पॅसिफिक महासागराला मिळते. उलट दिशेने येतो चिनूक सॅमन. समुद्रात वाढलेला हा मासा अंडी घालायला आपल्या जन्मओढ्याकडे परततो. मिडल फोर्कच्या माथ्याशी पोचेपर्यंत त्याने तेराशेच्या आसपास किलोमीटर अंतर कापलेले असते, दोन हजार मीटरच्या जवळपास चढ चढलेला असतो आणि कोलंबिया व स्नेक नद्यांवरची आठ मोठी धरणे मागे टाकलेली असतात. स्नेक नदीतला चिनूक १९९२ मध्ये संकटग्रस्त माशांच्या सरकारी यादीत गेला. थंड पाण्याशिवाय न जगणारा बुल ट्राउट १९९८ मध्ये त्या यादीत आला.

मासे घटायला धरणे कारणीभूत होतीच. पण वृक्षतोड, जंगलातले कच्चे रस्ते, खाणी आणि मोकाट चरणारी गुरे यांनी ओढ्यांचेही नुकसान केले होते. १९९५ मध्ये अमेरिकी वनखात्याने आणि भूव्यवस्थापन खात्याने 'पॅकफिश' आणि 'इनफिश' अशी दोन धोरणे आणली. मासे असलेल्या ओढ्याच्या दोन्ही बाजूंना तीनशे फुटांचा पट्टा जपायचा, हा त्यांचा गाभा. वन्यजीव आणि मत्स्य विभागांनी यावर जो अभिप्राय दिला, त्यातून एक अट पुढे आली: धोरणाचा उपयोग होतो की नाही, हे ओढ्यांवर जाऊन तपासा. त्या तपासणीचा कार्यक्रम 'पीबो' या नावाने ओळखला जातो. १९९८ पासून चाचण्या झाल्या आणि २००१ पासून पूर्ण स्वरूपात काम सुरू झाले. हजाराहून अधिक ठिकाणे, प्रत्येक ठिकाणी साधारण पाच वर्षांनी फेरी, आणि काही निवडक ओढ्यांवर दरवर्षी.

आणि इथेच दूरच्या रानाची गरज लागते. गुरांच्या कुरणातून वाहणाऱ्या एखाद्या ओढ्याच्या तळाशी तीस टक्के बारीक गाळ सापडला. हा जास्त की कमी? नुसत्या आकड्यावरून सांगता येत नाही. काही खोऱ्यांतला खडकच असा असतो की तो झिजून भरपूर वाळू देतो. तिथल्या निरोगी ओढ्यातही वाळू असणारच. म्हणून तुलनेसाठी तशाच भूगर्भाचा, तशाच उताराचा, पण माणसाने न छेडलेला ओढा लागतो. 'पीबो'ने त्यासाठी कडक निकष ठेवले. तीस वर्षांत वरच्या खोऱ्यात गुरे चरलेली नसावीत, झाडतोड नाममात्र असावी, रस्ते जवळजवळ नसावेत, काठाजवळ खाणीची खूण नसावी. असे ओढे उरले आहेत ते मुख्यतः अशा दुर्गम रानांमध्येच. रस्त्याकडेच्या ओढ्याची तब्येत कळावी म्हणून दोन दिवस चालून रानातल्या ओढ्याशी जावे लागते ते यासाठी.

ओंडक्यांचा धडा

न छेडलेला ओढा न पाहता निर्णय घेतले तर काय होते, याचे उदाहरण अमेरिकेच्या वायव्य भागातच घडले. १९५० ते १९७० च्या दशकांत तिथल्या खात्यांनी ओढे 'साफ' करण्याची मोहीम चालवली. पाण्यात पडलेली झाडे आणि ओंडक्यांचे ढीग माशांची वाट अडवतात, अशी समजूत होती. यंत्रे लावून ओंडके ओढून काढले गेले. हेतू चांगला होता, परिणाम उलटा झाला. आडव्या ओंडक्यावरून पडणारे पाणी खाली तळ खणते आणि डोह तयार होतो. ओंडक्यामागे रेव साठते, तिच्यात मासे अंडी घालतात. पिल्लांना पुरात आडोसा मिळतो. लाकूड गेले तसे डोह बुजले, पाणी सरळ आणि उथळ वाहू लागले. पुढे त्याच प्रदेशात पैसे खर्चून ओंडके परत ओढ्यांत टाकण्याची वेळ आली.

डोह खरोखर कमी झाले, हे तरी कसे कळले? कोणीतरी ते आधी मोजून ठेवले होते म्हणून. १९३४ ते १९४५ या काळात अमेरिकेच्या मत्स्य विभागाची माणसे कोलंबियाच्या खोऱ्यात ओढ्याओढ्याने फिरली आणि डोहांच्या नोंदी करत गेली. सुमारे पन्नास वर्षांनी संशोधकांनी त्या नोंदी हाती घेऊन तेच ओढे पुन्हा पालथे घातले. वापरातल्या खोऱ्यांतले मोठे, खोल डोह खूप घटले होते. न छेडलेल्या खोऱ्यांत ते टिकून होते, काही ठिकाणी वाढलेही होते. जुन्या नोंदी नसत्या, तर आजचा उथळ ओढा म्हणजे मूळचाच उथळ ओढा, असे सगळे धरून चालले असते.

आठ दिवस आत, सहा दिवस बाहेर

मोजणीचा हंगाम छोटा असतो. मे संपेपर्यंत बर्फाचे पाणी उसळत असते, ओढ्यात उभे राहणेही धोक्याचे. जूनपासून पाणी उतरते आणि सप्टेंबरअखेर पुन्हा थंडी आत येते. एवढ्या काळापुरती तरुण मुले-मुली कामावर घेतली जातात. बरेचजण जीवशास्त्र किंवा पर्यावरण शिकणारे असतात. आधी सगळ्यांचे प्रशिक्षण होते आणि मग छोट्या तुकड्या निघतात. सलग आठ दिवस काम, मग सहा दिवस सुट्टी. पाठीवर तंबू, आठवड्याचा शिधा आणि त्यावर मोजणीचे सामान: टेप, मोजकाठी, जाळी, कीटक ठेवायच्या बाटल्या, अल्कोहोल. रात्री शिधा अस्वलांच्या आवाक्याबाहेर, झाडाला उंच टांगायचा. एका खोऱ्यातून दुसऱ्यात जाताना बूट घासून निर्जंतुक करायचे, कारण न्यूझीलंडहून आलेली चिमुकली गोगलगाय बुटाच्या चिखलातूनही पसरते. स्नेक नदीत ती १९८७ मध्ये सापडली आणि तिथून अनेक नद्यांत गेली.

ठिकाणी पोचल्यावर पहिले काम ओढ्याची 'भर-रुंदी' ठरवण्याचे. नेहमीच्या पुरात पाणी काठोकाठ येते तेव्हाची ही रुंदी. उन्हाळ्यात ती दिसत नाही. काठाची सपाटी, गवत कुठून सुरू होते, रेतीचा ढीग कुठवर चढला आहे, या खुणांवरून ओळखावी लागते. भर-रुंदीच्या वीसपट लांबीचा, किमान १६० मीटरचा तुकडा मोजणीसाठी घेतला जातो.

मग डोह. सर्वांत खोल जागेची खोली घ्यायची, डोहातून पाणी बाहेर पडते त्या उंबऱ्यावरची खोली घ्यायची आणि पहिल्यातून दुसरी वजा करायची. तळाशी ८० सेंटिमीटर आणि उंबऱ्यावर १५ असेल तर उत्तर ६५. सह्याद्रीत उन्हाळा लागला की ओढ्यांची धार तुटते आणि डोहांत तेवढे पाणी उरते; ही वजाबाकी त्याच उरलेल्या पाण्याची खोली सांगते. त्यामुळे पाणी जूनमध्ये जास्त असो की सप्टेंबरमध्ये कमी, उत्तर सारखेच येते आणि पाच वर्षांपूर्वीच्या मापाशी जुळवता येते.

डोहाच्या उंबऱ्यावर आणखी एक मोजणी होते आणि ती सर्वांत नाजूक. चौदा इंच चौरसाची, रेघा आखलेली पारदर्शक पट्टी तळाशी ठेवतात. रेघा जिथे छेदतात अशा पन्नास बिंदूंखाली काय आहे ते वरून बघायचे: गोटा, की ६ मिलिमीटरहून बारीक गाळ? पन्नासपैकी पाच बिंदूंखाली गाळ म्हणजे दहा टक्के. ही जागा अशासाठी, की सॅमन आणि ट्राउटच्या माद्या शेपटीने रेव उकरून अंडी पुरतात त्या बहुधा इथेच. अंडी महिनोन्‌महिने रेवेखाली असतात आणि गोट्यांच्या फटींतून झिरपणारे पाणी त्यांना प्राणवायू पुरवते. वर कुठेतरी रस्त्याची माती वाहून आली की फटी बुजतात. वरून पाणी नितळ दिसते, आत अंडी गुदमरतात.

याखेरीज आडव्या ओंडक्यांची मोजदाद, काठांचा उतार, पाण्याने खालून पोखरलेल्या काठाची खोली, काठावरच्या वनस्पती. गुरे काठ तुडवतात तेव्हा माशांची सावलीची कपार कोसळते, ओढा पसरट होतो आणि उन्हात तापतो, म्हणून काठाच्या मापांना महत्त्व. शेवटी खळाळातले दगड चोळून निघालेले कीटक जाळीत धरून अल्कोहोलमध्ये ठेवायचे. मेफ्लाय, स्टोनफ्लाय आणि कॅडिसफ्लाय यांच्या अळ्या पाणी बिघडले की आधी नाहीशा होतात. त्या बाटल्या युटा राज्यातल्या लोगन इथल्या प्रयोगशाळेत जातात.

दोन डोळ्यांतला फरक

या कामाची खरी कसोटी माणसांमधल्या फरकाची आहे. एकाला जो डोह वाटतो तो दुसऱ्याला नुसता संथ प्रवाह वाटतो. ओरेगॉनमधल्या जॉन डे नदीच्या खोऱ्यात सात वेगवेगळ्या मोजणी कार्यक्रमांच्या तुकड्यांना तेच बारा ओढे मोजायला दिले गेले. २०१० मध्ये निकाल प्रसिद्ध झाले. काही मापे चांगली जुळली; काहींमध्ये एवढी तफावत होती की एका गटाचे आकडे दुसऱ्याच्या आकड्यांत सरळ मिसळता येणार नव्हते. म्हणून डोह कशाला म्हणायचे याची व्याख्या ओळीओळीने लिहिलेली असते आणि काही ओढे मुद्दाम दुसऱ्या तुकडीकडून पुन्हा मोजून घेतले जातात.

इतक्या काळजीने गोळा केलेल्या आकड्यांतून काय निघाले? न छेडलेल्या ओढ्यांची स्थिती वापरातल्या ओढ्यांहून चांगली असल्याचे सुरुवातीच्या विश्लेषणांतच दिसले. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वापरातल्या ओढ्यांची बरीच मापे सुधारत असल्याचे आढळले. आनंदाची बातमी होती. पण काही सुधारणा रानातल्या ओढ्यांतही होत्या, तेव्हा सगळे श्रेय धोरणाला देता येत नव्हते. तुलनेचे ओढे मोजलेच नसते, तर हा सावधपणा शक्यच नव्हता.

तुकडी निघण्याआधी मोजणीचा तुकडा जिथे सुरू होतो त्या जागेची छायाचित्रे काढते, नकाशा रेखाटते, अक्षांश-रेखांश नोंदवते. पाच वर्षांनी वेगळीच दोन मुले ते छायाचित्र हातात धरून त्या ओढ्यात उभी राहतील. दाट झाडीत उपग्रहाचा अंदाज काही मीटर चुकतो, म्हणून ती चित्रातला मोठा खडक शोधतील, कललेले झाड शोधतील. झाड तोवर पाण्यात आडवे पडलेले असेल, तर ओंडक्यांच्या यादीत एकाची भर पडेल.

(पुढील लेखांकात : मासा न पाहता, पाच लिटर पाणी गाळून बुल ट्राउटचा माग कसा काढतात.)