पौगंडावस्थेचे बदलते स्वरूप

पौगंडावस्था म्हणजे बाल्य आणि प्रौढत्व यांच्या दरम्यानचा वाढीचा काळ होय. तिला किशोरावस्था किंवा कुमारावस्था असेही म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेने १० ते १९ हे वय पौगंडावस्थेचे मानले आहे. या अवस्थेचा आरंभ शरीर ठरवते, शेवट मात्र मुख्यतः समाज ठरवतो. शिक्षण, विवाह आणि अर्थार्जन यांची वये बदलली की तिची लांबीही बदलते.

खुद्द या शब्दाचा अर्थही सरकला आहे. संस्कृतातील एका जुन्या वयोविभागणीत पाच वर्षांपर्यंत कौमार, दहापर्यंत पौगंड आणि पुढे पंधरापर्यंत कैशोर मानले जाई. म्हणजे आजची पौगंडावस्था त्या गणनेत ‘पौगंड’ संपल्यावर सुरू होते.

वाढता कालावधी

पश्चिम युरोपात १९व्या शतकाच्या मध्यास मुलींना पहिली पाळी सुमारे १६ ते १७व्या वर्षी येत असे. २०व्या शतकाच्या उत्तरार्धात हे वय १३च्या आसपास आले. सुधारलेला आहार आणि कमी झालेले आजार ही याची प्रमुख कारणे मानली जातात. दुसरे टोक याच काळात पुढे गेले. भारतात १८९१च्या कायद्याने, महाराष्ट्रातही गाजलेल्या वादानंतर, मुलींचे संमतिवय १० वरून १२ झाले. १९२९च्या सारडा कायद्याने विवाहाचे किमान वय मुलींसाठी १४ व मुलांसाठी १८ ठरवले, तर १९७८मध्ये ते अनुक्रमे १८ व २१ झाले.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ ग्रॅन्व्हिल स्टॅन्ली हॉल यांनी १९०४च्या ग्रंथात या वयाला वादळाचा काळ म्हटले. मार्गारेट मीड यांनी १९२८मध्ये सामोआ बेटांवरील मुलींचे उदाहरण देऊन हे वादळ अटळ नसल्याचे प्रतिपादन केले. मीड यांच्या निरीक्षणांवर पुढे बरीच टीका झाली. तथापि संस्कृतीचा प्रश्न त्यांनी उपस्थित केला तो कायम राहिला.

शिक्षकांच्या दृष्टीने

पूर्वी या वयातील बहुसंख्य मुले शेतात वा कामावर आणि मुली सासरी असत. आता या काळाचा मोठा भाग शाळेत जातो. पाचवी-सहावीतच काही मुलींना पाळी येते, तर मानवी प्रजननाचा सविस्तर पाठ बालभारतीच्या दहावीच्या विज्ञान पुस्तकात आहे. मधल्या वर्षांत मुलीला कोणी काही सांगितले की नाही, हे बहुधा वर्गशिक्षिकेवर अवलंबून राहते.

मेंदूतील नियोजन व संयमाशी निगडित अग्रभाग विशीच्या मध्यापर्यंत विकसित होत राहतो. मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी २००५मध्ये मोटार चालवण्याच्या संगणकीय खेळाचा प्रयोग प्रसिद्ध केला. मित्रांच्या देखत किशोरवयीनांनी एकटे असतानापेक्षा अधिक धोके पत्करले. प्रौढांत तसा फरक आढळला नाही. वर्गातील उद्धट उत्तरही पुष्कळदा शिक्षकांपेक्षा मागच्या बाकांना उद्देशून असते. तोच विद्यार्थी वर्गाबाहेर एकटा भेटला की निराळा वागतो, हा अनेक शिक्षकांचा अनुभव आहे. म्हणून सर्वांसमोर खडसावण्याऐवजी बाजूला घेऊन बोलणे अधिक उपयोगी ठरते.

या वयात झोप आणणाऱ्या मेलाटोनिन संप्रेरकाचा स्राव रात्री उशिरा सुरू होतो. पहिल्या तासाची पेंग म्हणजे केवळ आळस किंवा मोबाइलचा परिणाम नव्हे. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१४मध्ये माध्यमिक शाळा साडेआठपूर्वी भरवू नयेत अशी शिफारस केली. महाराष्ट्र शासनाने २०२४मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊपूर्वी भरवू नयेत असे सांगितले. जागेअभावी दोन पाळ्यांत भरणाऱ्या शाळेत अशा वेळी सकाळची पाळी वरच्या वर्गांकडे, म्हणजे उशिरा झोप येणाऱ्या मुलांकडेच जाण्याची शक्यता असते.