दूरचा हात

शेकडो गावांतील संगणकांची देखभाल एका खोलीत बसून करता येते, याचे आज कोणास नवल वाटत नाही. बँकेच्या शाखेत नवे सॉफ्टवेअर बसवावयाचे, तर माणूस एस.टी.ने धाडावा लागत नाही. हे घडते कसे, ते आपण प्रथम पाहू.

अशा प्रत्येक संगणकात एक छोटा प्रोग्रॅम सतत जागा असतो. त्यास आम्ही मुख्य कचेरीचा गुमास्ता म्हणू. तो मध्यवर्ती सर्व्हरकडे नव्या हुकमाची चौकशी करतो, आलेली फाईल तपासून जागी बसवतो आणि काम झाल्याचे उलट कळवतो. कचेरीचा दूरचा हात म्हणजे वस्तुतः हा गुमास्ताच होय. तो निजला की कचेरीचे काही चालत नाही.

याचा प्रत्यय १९ जुलै २०२४ रोजी आला. क्राउडस्ट्राइक ही अमेरिकन कंपनी हल्लेखोरांपासून संगणकांचे रक्षण करणारे सॉफ्टवेअर पुरवते. त्या दिवशी भारतीय वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी तिने विंडोज संगणकांकडे एक फाईल धाडली. फाईलीतील नियमास एकविसावी नोंद तपासावयाची होती; संगणकातील प्रोग्रॅमजवळ नोंदी होत्या वीसच. नसलेली नोंद वाचू जाता तो कोसळला. आणि विंडोजच्या अगदी गाभ्यात त्याचे ठाणे असल्यामुळे सबंध संगणकच बंद पडला.

कंपनीने ७८ मिनिटांत ती फाईल मागे घेतली. पण मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे तोवर ८५ लाख संगणक बिघडले होते. विमाने खोळंबली, रुग्णालये अडली. आपल्याकडे काही विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहून द्यावे लागले. दुरुस्तीचा हुकूम तयार होता, परंतु तो घ्यावयास गुमास्ता जागा कोठे होता? बहुतेक ठिकाणी माणसाने प्रत्यक्ष संगणकापुढे बसून ती फाईल पुसावी लागली.

म्हणून दूरच्या हातास आम्ही दोष देत नाही. चोरवाटा त्वरित बुजवावयाच्या तर तोच उपयोगी पडतो. मात्र नवा हुकूम आधी थोड्या संगणकांवर अजमावावा, तो बाधल्यास संगणकाने आपण होऊन जुन्या स्थितीस परत यावे, आणि जागेवर एक तरी जाणता माणूस असावा. आपल्या बँकेत, आपल्या रुग्णालयात ही व्यवस्था आहे काय, हे विचारावयास तज्ज्ञ असावे लागत नाही. तो प्रश्न आपण नागरिकांनीच विचारावयाचा आहे.