गोल्फच्या मैदानांविषयींचे ग्रंथ

गोल्फ हा खेळ आपल्यापैकीं फार थोड्यांनीं खेळला असेल; पुष्कळांनीं तो पाहिलाहि नसेल. असें असतां त्या खेळाच्या मैदानांची आंखणी कशी करावी ह्या विषयावरचीं पुस्तकें कोणीं सोलापुरांत बसून जमवावीं, आणि वर इतरांनाहि तीं वाचण्याची शिफारस करावी, हें ऐकून कांहीं श्रोत्यांना हंसूं येईल. माझ्या घरींहि हा प्रश्न अधूनमधून निघतोच. कपाटाच्या दोन फळ्या ह्या पुस्तकांनीं अडविल्या आहेत, आणि घरांत चेंडू मात्र एकहि नाहीं! माझें उत्तर असें कीं, हीं पुस्तकें मुळीं चेंडूविषयीं नाहींतच. तीं जमिनीविषयीं व पाण्याविषयीं आहेत. ज्या गांवाला चार-पांच दिवसांआड नळाचें पाणी येण्याचा अनुभव नवा नाहीं, त्या गांवांतील वाचकाला त्यांचें मर्म इतरांपेक्षां लवकर उमगतें.

प्रथम खेळाची कल्पना थोडक्यांत देतों. गोट्यांच्या खेळांत जशी गल असते, तशीच येथेंहि असते. परंतु ती शंभर ते पांचशें मीटर दूर, आणि वाटेंत उंचवटे, झाडी, ओहोळ व वाळूचे खड्डे. काठीनें चेंडू टोलवीत कमींत कमी टोल्यांत तो गलींत घालावयाचा. अशा अठरा गली ओळीनें खेळल्या म्हणजे एक डाव झाला. गलीभोंवतीं गवत अगदीं बारीक कापलेला जो तुकडा असतो त्याला ग्रीन म्हणतात. सबंध मैदानाला सव्वाशें-दीडशें एकर जमीन सहज लागते.

टेनिसचें आंगण जगांत कोठेंहि गेलां तरी त्याच मापाचें असतें. गोल्फच्या मैदानाला असें ठरीव माप नाहीं. जशी जमीन तसा खेळ. म्हणून ह्या एका खेळाला स्वतंत्र स्थपति लागतो, आणि म्हणूनच त्यावर ग्रंथ निर्माण झाले. मौज अशी कीं, सर्वांनीं आदर्श मानलेलें जें मैदान, स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज येथील, त्याला मूळचा स्थपतिच नाहीं. समुद्र व शेती ह्यांमधली ती रेताड, नांगरटीला निरुपयोगी अशी पट्टी. वाऱ्यानें तिच्यावर उंचवटे घडविले, मेंढ्यांनीं गवत खाऊन आंखूड ठेवलें, आणि पाणी घातलें तें केवळ पावसानें. तेथें पूर्वीं बावीस गलींचा डाव होता. १७६४ सालीं त्याच्या अठरा झाल्या, व पुढें तीच संख्या जगभर रूढ झाली. रविवारीं तेथें सामान्यतः खेळ बंद असतो आणि गांवकरी मुलाबाळांसह त्याच हिरवळीवर फिरावयास येतात. मैदान गांवाचें आहे, हें त्यांच्या अंगवळणीं पडलेलें आहे.

पुढें एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत हा खेळ समुद्रकिनारा सोडून शहरांजवळच्या चिकणमातींत आला. तेथें निसर्गाची तयार आंखणी नव्हती. मग माणसांनीं काटकोनांत खंदक खणले, सरळ रेषेंत बांध घातले आणि चुकणाऱ्याला शिक्षा करणें हाच आंखणीचा हेतु मानला. त्याचा वीट येऊन कांहीं विचारी मंडळींनीं विसाव्या शतकाच्या आरंभीं लेखणी उचलली. संग्राहकाला हवीं असलेलीं बहुतेक मोलाचीं पुस्तकें १९०० ते १९३० ह्या तीस वर्षांतलीं आहेत तीं ह्यामुळें.

आपल्या देशांत हा खेळ नवखा नाहीं. कलकत्त्याचा क्लब १८२९ चा, मुंबईचा १८४२ चा. पुणें, देवळाली, चेंबूर येथेंहि मैदानें झालीं. मात्र हिंदुस्थानच्या कोरड्या भागांतील एक जुनी युक्ति मला ह्या सर्वांहून महत्त्वाची वाटते. जेथें उन्हाळ्यांत गवत टिकत नसे तेथें गलीभोंवतीं हिरवळीऐवजीं तेल मिसळलेल्या वाळूचा थर दाबून बसवीत, आणि खेळापूर्वीं तो झाडून सारखा करीत. ह्या तुकड्यांना ग्रीनऐवजीं 'ब्राउन' म्हणत. गल तीच, काठी तीच. फक्त पाणी नाहीं. ही गोष्ट पुढील विवेचनांत ध्यानांत ठेवावी.

आतां पुस्तकांकडे वळूं. कोणीं एकच पुस्तक घ्यावयाचें म्हटलें तर मी अलिस्टर मॅकेंझी ह्यांचें 'गोल्फ आर्किटेक्चर' सांगेन. १९२० सालचें हें लहानसें पुस्तक; त्याच्या उपशीर्षकांतच मैदान बांधण्यांतील व राखण्यांतील काटकसरीचा उल्लेख आहे. मॅकेंझी हे पेशानें डॉक्टर. दक्षिण आफ्रिकेंतील बोअर युद्धांत ते शस्त्रवैद्य म्हणून गेले होते. बोअर शेतकऱ्यांनीं आपले खंदक जमिनीच्या रूपाशीं असे एकजीव केले होते कीं शत्रूला ते दिसतच नसत; हें त्यांनीं तेथें पाहिलें. पहिल्या महायुद्धांत मायावरणाचें हेंच शास्त्र त्यांनीं सैन्याच्या कामीं लावलें, आणि मैदानें आंखतांना वाळूचे खड्डे व कृत्रिम उंचवटे निसर्गनिर्मित वाटावेत म्हणून त्याचाच उपयोग केला. चांगल्या मैदानाचीं तेरा लक्षणें त्यांनीं दिलीं आहेत. त्यांतील एक मला फार आवडतें: हरवलेला चेंडू शोधीत बसण्याचा त्रास खेळणाऱ्याला होऊं नये. माणसाची चूक झाली तरी त्याचा अपमान होऊं नये, ही दृष्टि डॉक्टरी पेशांतून आलेली असावी, असा माझा आपला तर्क आहे.

ह्याच लेखकाचें दुसरें पुस्तक संग्राहकाच्या दृष्टीनें अधिक नाट्यमय आहे. मॅकेंझी १९३४ च्या जानेवारींत वारले. त्यांनीं आंखलेल्या ऑगस्टा येथील मैदानावर आज जगप्रसिद्ध असलेली स्पर्धा त्याच वर्षीं प्रथम झाली, पण ती पाहण्यास ते राहिले नाहींत. एका ग्रंथाचें हस्तलिखितहि मागें पडलें. साठ वर्षांनीं तें त्यांच्या सावत्र नातवाजवळील कागदपत्रांत सांपडलें आणि १९९५ सालीं 'द स्पिरिट ऑफ सेंट अँड्र्यूज' ह्या नांवानें छापून निघालें. आजोबांच्या ट्रंका रद्दीवाल्याला देण्यापूर्वीं एकदां उघडून पाहाव्यात, हें ह्या निमित्तानें सांगून ठेवतों.

ज्यांना आंखणीपेक्षां वर्णनाची गोडी अधिक, त्यांनीं बर्नार्ड डार्विन ह्यांच्या १९१० सालच्या पुस्तकापासून आरंभ करावा. ब्रिटिश बेटांतील मैदानांचें हें प्रवासवर्णनच आहे. उत्क्रांतिवादाचे प्रणेते चार्ल्स डार्विन ह्यांचे हे नातू. निरीक्षणाचा वारसा आजोबांकडून, आणि विनोद मात्र स्वतःचा. हॅरी राउंट्री ह्यांच्या रंगीत चित्रांमुळें मूळ आवृत्तीची किंमत फार चढली आहे.

रॉबर्ट हंटर ह्यांच्या 'द लिंक्स' ह्या १९२६ च्या पुस्तकाजवळ मी नेहमीं थोडा अधिक वेळ थांबतों. हंटर हे अमेरिकेंतील समाजवादी विचाराचे समाजशास्त्रज्ञ. १९०४ सालीं त्यांनीं आपल्या देशांतील दारिद्र्यावर एक ग्रंथ लिहिला, आणि तो त्या काळीं गाजला. दारिद्र्याचा अभ्यासक उतारवयांत श्रीमंतांच्या खेळाच्या मैदानांवर लिहितो, एवढेंच नव्हे तर मॅकेंझींच्या बरोबरीनें कॅलिफोर्नियांत सायप्रस पॉइंटचें मैदान उभें करतो, ह्याचा अर्थ काय लावावा? मला त्याचें उत्तर पूर्णपणें मिळालेलें नाहीं. परंतु हीं दोन पुस्तकें फळीवर शेजारीं-शेजारीं ठेवलीं म्हणजे मैदानाच्या पुस्तकांतला जमिनीचा मोह आणि पहिल्या पुस्तकांतली माणसांची चिंता ह्यांचें भांडण ऐकूं येतें, आणि तें ऐकण्याजोगें आहे.

बाकीच्यांविषयीं थोडक्यांत सांगतों. हॅरी कोल्ट व चार्ल्स अ‍ॅलिसन ह्यांचे निबंध १९२० चे. भाषा संयमी, विचार पक्का. चार्ल्स ब्लेअर मॅकडोनाल्ड ह्यांचें १९२८ चें पुस्तक आत्मप्रौढीनें भरलेलें असलें तरी तें गाळूं नये. इंग्लंड-स्कॉटलंडमधल्या उत्तमोत्तम गलींचे नमुने घेऊन त्यांनीं न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर एक मैदान रचलें, त्याची ही हकीकत आहे. त्यांतील 'रेडान' नांवाचा नमुना समजून घेतला तर सबंध शास्त्राचें सार हातीं येतें. नांव क्रिमियन युद्धांतील सेबास्टोपोलच्या एका बुरुजाचें. ग्रीन तिरकी बसविलेली, पाठीमागें डावीकडे उतरती, आणि पुढच्या डाव्या अंगाला खोल खड्डा. धाडसी खेळाडूनें खड्ड्यावरून सरळ टोला मारावा. सावधानें उजवीकडे चेंडू टाकून उताराच्या ओघानें तो गलीकडे जाऊं द्यावा. दोघांनाहि वाट आहे. फक्त प्रत्येकानें आपली शक्ति ओळखली पाहिजे. शिक्षेची आंखणी जाऊन निवडीची आंखणी आली ती अशी. जॉर्ज टॉमस ह्यांचें १९२७ चें पुस्तक आकृत्यांसाठीं घ्यावें. हे गृहस्थ गुलाबांच्या लागवडीवरचे ग्रंथकारहि होते, तेव्हां बागेचा नाद असणाऱ्यांना ते आपलेच वाटतील. अलीकडच्यांपैकीं टॉम डोक ह्यांचें १९९२ चें 'द अ‍ॅनाटमी ऑफ अ गोल्फ कोर्स' सर्वांत सुबोध आहे.

एक पुस्तक आंखणीचें नव्हे, गवताचें आहे. तरीहि मी त्याला वरच्या फळीवर जागा दिली आहे. पायपर व ओक्ली ह्या अमेरिकन शास्त्रज्ञांनीं १९१७ सालीं गोल्फच्या हिरवळीवर लिहिलेला हा ग्रंथ. त्यांत ज्या 'बर्म्युडा' गवताची चर्चा आहे, तें दुसरें-तिसरें कांहीं नसून आपली हरळी आहे. होय, तीच हरळी, जिच्या काशा उपटतां उपटतां ज्वारीचा शेतकरी बेजार होतो, आणि जिच्या जुड्या आपण दूर्वा म्हणून गणपतीला वाहतों! उष्ण देशांतील असंख्य मैदानें ह्याच जातीच्या गवतावर उभीं आहेत. तिच्या मुळ्या खोल जातात, दुष्काळांत ती वाळल्यासारखी दिसते आणि पहिल्या वळवाला पुन्हां फुटते. आपल्या बांधावरच्या शत्रूचें परदेशांत एवढें कौतुक पाहून मला प्रथम गंमत वाटली, व मग विचार सुरू झाला.

कारण पाण्याचा हिशेब टाळतां येत नाहीं. सोलापूरला वर्षाकांठीं पाऊस सुमारें सातशें मिलिमीटर, आणि तोहि बहुतेक चार महिन्यांत. एक हेक्टर जमिनीवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे दहा हजार लिटर. मैदानांतील वीस हेक्टर गवत उन्हाळ्यांत हिरवेंगार ठेवावयाचें ठरविलें आणि दिवसाला अवघें पांच मिलिमीटर पाणी दिलें, तर रोज दहा लाख लिटर लागतील. शहरी पुरवठ्याचें सरकारी मान माणशीं १३५ लिटर. त्या मानानें हें पाणी सुमारें ७,४०० माणसांचें होतें. आतां दुसरा हिशेब पाहा. केवळ अठरा ग्रीन भिजवायच्या, प्रत्येकी पांचशें चौरस मीटरच्या, व बाकी हरळी पावसावर सोडायची, तर रोज ४५,००० लिटर पुरतात. म्हणजे ३३३ माणसांचें पाणी. आणि ग्रीनच्या जागीं ब्राउन केल्या तर शून्य. हे आंकडे मीं कोणत्या पुस्तकांतून उचललेले नाहींत. शाळेंतील गुणाकारच आहे. परंतु गुणाकार करण्याची बुद्धि मॅकेंझींच्या त्या उपशीर्षकानें दिली.

सिद्धरामेश्वरांनीं तळें खोदविलें अशी ज्या गांवाची परंपरा सांगते, तेथें उद्यां कोणीं असें मैदान काढण्याची गोष्ट बोलूं लागला तर सभेंत उठून हे तीन आंकडे विचारणारे दोघे-चौघे तरी असावेत. नुसता विरोध करणारे पुष्कळ मिळतात, टाळ्या पिटणारेहि मिळतात. पण वाळलेल्या गवतावरहि हा खेळ उत्तम होतो, नव्हे तो जन्मला तसाच, हें पुराव्यानिशीं सांगणारा मिळत नाहीं. तो ह्या पुस्तकांतून तयार होतो.

संग्रह करूं इच्छिणाऱ्यांना एक-दोन सूचना. प्रथम मोठ्या आकाराचीं, गुळगुळीत कागदाचीं चित्रमय पुस्तकें घेऊं नयेत. मीं तीच चूक केली. चित्रांत सर्वत्र एकच हिरवा रंग आणि सायंकाळचें ऊन. चार पुस्तकें झालीं तरी उतार कसा वाचावा हें कळेना. मूळ आवृत्त्यांचा हव्यास नसावा. बहुतेक चांगल्या ग्रंथांचीं पुनर्मुद्रणें झालीं आहेत, आणि १९२० च्या सुमाराचीं कित्येक पुस्तकें आतां संगणकावर फुकट वाचतां येतात. पुनर्मुद्रण घेतांना एवढेंच पाहावें कीं नकाशे व आकृत्या स्पष्ट उतरल्या आहेत कीं नाहींत. त्या पुसट असल्या तर अर्धें पुस्तक गेलेंच म्हणावयाचें. वाचतांना नकाशावर बोट ठेवून वाचावें, आणि जमलें तर तेंच पुस्तक घेऊन आपल्या परिसरांतील एखाद्या माळावर जावें. पाणी कोणीकडे वाहतें, मुरूम कोठें उघडा पडला आहे, वारा कोणत्या बाजूचा, हें पाहूं लागलें म्हणजे लेखक काय म्हणतो तें आपोआप कळतें.

पायपर-ओक्लींचें माझें पुस्तक सध्यां जागेवर नाहीं. शेतकीचें शिक्षण घेतलेल्या एका स्नेह्यांनीं तें नेलें आहे. हरळीच्या प्रकरणाशीं त्यांचें कांहीं बाबतींत पटत नाहीं, आणि समासांत पेन्सिलीनें लिहिण्याची परवानगी त्यांनीं मागून घेतली आहे. मीं ती आनंदानें दिली. पुस्तक परत आलें म्हणजे पहिल्यानें तो समासच वाचणार आहें.